मागील बाकी

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या दुकानात नवी वही सुरू होते. पहिल्या पानावर 'श्री' काढून, हळदकुंकू वाहून झाले, की वडील जुनी वही मांडीवर घेतात आणि एकेका गिऱ्हाइकाच्या नावाखाली पहिली ओळ लिहीत जातात : 'मागील बाकी'. वही नवी, पाने कोरी, शाईसुद्धा नवी. पण पहिली ओळ जुनी. ज्या दुकानदाराच्या नव्या वहीत ही ओळ नसते, तो एक तर फार उदार असला पाहिजे किंवा फार निष्काळजी. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हीच गोष्ट 'ओपनिंग बॅलन्स' या भारदस्त नावाने शिकविली जाते. 'बाकी' हा शब्द मात्र मराठीत आणि कन्नडमध्ये एकच आहे. त्यामुळे आमच्या दुकानात निदान या एका शब्दाला दुभाष्या लागत नाही.

आज मला लिहायचे आहे ते मात्र किराणा दुकानाविषयी नव्हे, तर व्हिडिओ गेमविषयी. प्राध्यापक मंडळींनी पान उलटण्यापूर्वी चार ओळी तरी वाचाव्यात, अशी नम्र विनंती आहे. विषय खेळाचा असला तरी प्रश्न हिशेबाचा आहे.

काही गेम असे असतात की त्यांत खेळाडूला गोळ्या झाडण्याबरोबरच निर्णयही घ्यावे लागतात. कोणाला वाचवावे, कोणाला मरू द्यावे, कोणाशी तह करावा, कोणाला फसवावे. अशा गेमचा पुढचा भाग निघाला की खेळाडू आपली जुनी फाइल नव्या भागात घालतो आणि जुने निर्णय नव्या कथेत येतात. म्हणजेच मागील बाकी! ही पद्धत तशी जुनी आहे. १९८१ साली निघालेल्या 'विझर्ड्री' या खेळातील पात्रे १९८२ च्या दुसऱ्या भागात नेता येत, किंबहुना न्यावीच लागत. परंतु तेव्हा पुढे जाई ती पात्राची ताकद. निर्णयांची बाकी मोठ्या प्रमाणावर पुढे नेण्याचे धाडस कॅनडातील बायोवेअर या कंपनीने 'मास इफेक्ट' या मालिकेत केले. तिचे तीन भाग २००७, २०१० आणि २०१२ साली आले. शेपर्ड नावाचा एक सेनाधिकारी, त्याचे सहकारी आणि आकाशगंगेवर आलेले संकट अशी ही कथा. शेपर्ड स्त्री असावा की पुरुष, हेही खेळाडूनेच ठरवायचे.

आता प्रश्न असा : या पुढे नेलेल्या निर्णयांना खरोखर काही अर्थ असतो का? की तो नुसता देखावा असतो?

कन्नड विभागात लिहिणारा माझा एक वर्गमित्र म्हणतो, "देखावाच. शेवटी सगळे एकाच ठिकाणी येतात." त्याचे म्हणणे सहजासहजी खोडून काढता येणार नाही. त्याच्या बाजूचा पुरावा प्रथम मांडतो.

पहिल्या भागाच्या शेवटी मानवजातीचा प्रतिनिधी म्हणून अँडरसन किंवा उडिना यांपैकी एकाची शिफारस खेळाडू करतो. तिसऱ्या भागात पाहावे तर त्या जागी उडिनाच बसलेला असतो. अँडरसनला निवडले असेल, तर तो मध्यंतरी बाजूला झाला असे सांगितले जाते. पहिल्या भागात 'राक्नी' नावाच्या कीटकजातीची अखेरची राणी आपल्या हाती सापडते. तिला सोडावे की मारावे, या प्रश्नावर खेळाडू पाचपाच मिनिटे विचार करीत बसतात. मारलीत, तरी तिसऱ्या भागात शत्रूने बनविलेली एक कृत्रिम राणी त्याच जागी तुमची वाट पाहत असते! आपल्याकडे नाटकातील नट आजारी पडला की बदली नट उभा करतात, तशातलाच हा प्रकार. आणि अखेरीस मार्च २०१२ मध्ये तिसऱ्या भागाचा शेवट आला. तीन खेळांचे निर्णय पाठीवर घेऊन आलेल्या खेळाडूसमोर मुख्यतः तीन पर्याय ठेवले गेले आणि त्यांची दृश्ये बव्हंशी सारखीच, फक्त रंग लाल, निळा, हिरवा. लोक इतके चिडले की काही चाहत्यांनी वर्गणी काढून कंपनीला सुमारे चारशे कपकेक पाठविले. रंग तीन, चव मात्र सर्वांची एकच. निषेधाचा इतका गोड प्रकार माझ्या तरी पाहण्यात नाही. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीला शेवट वाढवून, तो विनामूल्य द्यावा लागला.

इतरत्रही हीच कथा. 'द वॉकिंग डेड' या गेमच्या दुसऱ्या पर्वाच्या शेवटी केनी आणि जेन यांपैकी कोणाबरोबर जायचे, हा जीव पिळवटणारा निर्णय असतो. २०१६ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या तिसऱ्या पर्वात, ज्याला निवडले असेल तो अल्पशा पूर्वस्मृतीत मरून जातो. पोलंडच्या 'द विचर'च्या दुसऱ्या भागात (२०११) रोश आणि योरवेथ यांपैकी ज्याची साथ धरू, त्याप्रमाणे मधला संपूर्ण अध्यायच बदलतो. एवढे औदार्य क्वचितच कोणी दाखविले असेल. पण २०१५ च्या तिसऱ्या भागात योरवेथ दिसतच नाही. 'ड्रॅगन एज'च्या पहिल्या भागात (२००९) लेलियाना नावाची सहकारी, आपण एका पवित्र अस्थिकलशाची विटंबना केली तर, आपल्यावर उलटते आणि आपल्या हातून मरू शकते. पुढील भागांत ती जिवंत! नंतर त्याचे एक गूढ स्पष्टीकरण कथेत जोडले गेले. आणि याच मालिकेच्या २०२४ मधील चौथ्या भागात मागील भागाचे अवघे तीन निर्णय विचारले जातात. पंधरा वर्षांची वही, आणि पुढे आणलेल्या ओळी तीन.

असे का होते? कंपन्यांना दोष देणे सोपे आहे, पण आपण वाणिज्याचे विद्यार्थी आहोत. थोडा खर्चाचाही विचार करू. एका निर्णयाला दोन बाजू धरल्या, तर दहा निर्णयांतून १,०२४ निरनिराळी जगे तयार होतात आणि वीस निर्णयांतून १०,४८,५७६. एवढी जगे कोण लिहिणार, कोण चितारणार, कोण त्यांना आवाज देणार? शिवाय, एखादे पात्र जिवंत असतानाचा प्रवेश आणि ते मेलेले असतानाचा प्रवेश, दोहोंना खर्च सारखाच येतो. पण एका खेळाडूला त्यातला एकच दिसतो. दोन मालांचे भांडवल गुंतवून एकच माल विकण्यासारखे हे आहे. तशात पुढचा भाग, मागचा भाग न खेळलेल्या नव्या गिऱ्हाइकालाही विकायचा असतो. २०११ साली 'मास इफेक्ट'चा दुसरा भाग प्लेस्टेशन ३ वर आला तेव्हा त्या यंत्रावर पहिला भाग उपलब्धच नव्हता. म्हणून सुरुवातीला एक चित्रकथा जोडली गेली. तिच्यात बटन दाबून मागचे महत्त्वाचे निर्णय 'घेता' येत. ज्याने उधारी केलीच नाही, त्याच्या नावावरही बाकी लिहून देण्याची सोय!

येथवर वाचून माझा मित्र म्हणेल, "मग झाले तर! तू माझेच म्हणणे मांडलेस." माझेही मत कालपरवापर्यंत असेच होते. ते का बदलले, ते सांगण्यासाठी थोडे घरगुती बोलावे लागेल.

मी तिसरीत असताना आमच्या बेळगावच्या घरी, पुढच्या खोलीत, दादाचा संगणक होता. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. तेव्हा तो कॉलेजात होता. तो 'मास इफेक्ट' खेळे आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून पाही. मी मराठी शाळेत जाणारा, मला इंग्रजी कळत नसे. दादा पडद्यावरचे संवाद मराठीत करून सांगे. त्या खेळात क्रोगन नावाची एक लढाऊ जमात आहे. शत्रूंनी तिला असा एक रोग जडविलेला आहे की तिच्यात हजारात एखादेच मूल जगते. या जमातीचा रेक्स नावाचा योद्धा शेपर्डचा सहकारी असतो. एका प्रसंगी शत्रूच्या तळावर त्या रोगावरचा उपाय असल्याचे कळते आणि शेपर्डला तर तो तळच उडवायचा असतो. रेक्स बंदूक रोखतो. त्याची समजूत घालता येते किंवा त्याला गोळी घालता येते.

दादाने मला विचारले, "काय करू रे? मारू?"

मी आठ वर्षांचा. समोर एक अक्राळविक्राळ प्राणी बंदूक रोखून उभा. मी ओरडलो, "मार!"

दादाने मारले. मग आईने जेवायला हाक मारली आणि आम्ही उठलो. पुढे दुसऱ्या भागात दादाने आणखी एक निर्णय घेतला, तो मात्र एकट्याने आणि विचार करून. मेलॉन नावाच्या शास्त्रज्ञाने त्याच रोगावर संशोधन केले होते, पण जिवंत माणसांचे हाल करून. असल्या मार्गाने मिळालेले ज्ञान नको, म्हणून दादाने ते सारे नष्ट केले.

दादा नोकरीसाठी पुण्याला गेला. जाताना संगणक मला देऊन गेला आणि त्याबरोबर त्याच्या फाइलीही. तिसरा भाग खेळायचा त्याच्याकडून राहूनच गेला होता. बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला असताना, सुट्टीत, मी तो दादाच्या फाइलीवरून सुरू केला. आपण नव्याने सुरुवात करावी असे मनात आले होते; पण वारसाने मिळालेली वही कोरी करून घेणे बरे वाटले नाही.

तिसऱ्या भागात क्रोगनांच्या रोगावर अखेर उपाय सापडतो. रेक्स जिवंत असता तर तो त्यांचा शहाणा पुढारी झाला असता. माझ्या कथेत तो मेलेला, म्हणून त्याच्या जागी रीव्ह नावाचा त्याचा भाऊ : सूडाने पेटलेला, उद्या संख्या वाढली की जगावर चालून जाऊ म्हणणारा. त्या जमातीची एक सुज्ञ स्त्री त्याला आवर घालू शकली असती. पण मेलॉनचे संशोधन दादाने नष्ट केलेले, म्हणून उपाय तयार होता होता तीही मेली. उपाय सोडण्यासाठी मॉर्डिन नावाचा वृद्ध शास्त्रज्ञ पेटत्या मनोऱ्यावर चढायला निघतो. चढला तर तो वाचणार नाही. आणि येथे खेळाने माझ्यापुढे एक पर्याय ठेवला. रेक्स आणि ती स्त्री, दोघेही नसतील तरच मॉर्डिनचे मन वळविण्याची ही वाट खुली होते. मी त्याला म्हणू शकत होतो की रीव्हसारख्याच्या हाती हा उपाय देऊ नकोस. आपण दिल्याचे नुसते नाटक करू.

मी तेच म्हटले. मॉर्डिनला पटले. तो वाचला. क्रोगनांना वाटले की आपण बरे झालो, त्यांनी आनंदाने आपले सैन्य माझ्यामागे उभे केले. ज्यांना हा उपाय नको होता त्यांचेही सैन्य मला मिळाले. तिसऱ्या भागात या साऱ्याची बेरीज आकड्यांत मांडलेली असते. हिशेबाने पाहता मी चांगलाच फायद्यात होतो. परंतु त्या रात्री मला झोप लागली नाही. आपले मूल आता जगणार, म्हणून एक अख्खी जमात आनंद करीत होती आणि ते खोटे आहे हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन केला. म्हटले, "दादा, तू रेक्सला मारलास, म्हणून मला हे करावे लागले."

दादा हसला आणि म्हणाला, "मी कुठला? तूच म्हटलास की रे, मार म्हणून!"

मी विसरलो होतो. फाइल विसरली नव्हती.

मित्रहो, येथे माझे मत बदलले. या खेळाचा शेवट माझ्याही वाट्याला तोच आला. तोच लाल, निळा, हिरवा. त्या बाबतीत माझा मित्र बरोबर आहे. पण निर्णयाची किंमत शेवटावरून ठरवायची, हेच मुळात चूक आहे. आमच्या हिशेबशास्त्रात एक तत्त्व आहे : जे पैशात मोजता येते त्याचीच नोंद होते. म्हणून कारखान्याची यंत्रे ताळेबंदात येतात आणि कामगारांची निष्ठा येत नाही. या खेळाचीही चूक झाली ती तेथेच. त्याने अनेक निर्णयांचे गुण केले, गुणांची बेरीज केली आणि बेरजेवर शेवट ठरविला. बेरजेत गेलेल्या निर्णयाला चेहरा उरत नाही. राक्नी राणीचे मला काही वाटले नाही, कारण ती आकडा होऊन आली. रेक्सचे वाटले, कारण त्याच्या जागी रीव्हचा चेहरा आला आणि त्या चेहऱ्याकडे पाहून मला पुढचा निर्णय घ्यावा लागला. मागच्या निर्णयाने पुढचे फळ बदलावे असे नाही. पुढचा प्रश्न बदलला तरी तो निर्णय खरा ठरला.

आमचे एक सर गमतीने म्हणाले होते, "गेममध्ये कसला आला आहे निर्णय? सगळे आधीच कोणीतरी लिहून ठेवलेले असते." सरांची क्षमा मागून म्हणतो, प्रश्नपत्रिकाही आधीच कोणीतरी छापून ठेवलेली असते. उत्तराखाली नाव मात्र आमचेच असते.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच की कंपन्यांनी बाकी थोडी पुढे न्यावी, पण खरी न्यावी. 'ड्रॅगन एज'ने पंधरा वर्षांपैकी तीनच निर्णय विचारले याचे मला वाईट वाटते, पण त्यात अप्रामाणिकपणा नाही. दुकानदाराने जुनी खाती बंद केली, एवढेच. मेलेली लेलियाना जिवंत करणे हे मात्र वहीत खाडाखोड करण्यासारखे आहे. खेळाडूने जे केले ते त्याने केलेच नाही, असे त्याला तोंडावर सांगणे आहे. बाकी माफ झाली तर गिऱ्हाईक रागावत नाही. वही खोटी निघाली तर ते पुन्हा दुकानात येत नाही.

शेवटी एक गोष्ट सांगतो आणि पुरे करतो. मला मराठी शाळेत घालण्याचा निर्णय वडिलांनी घेतला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. कॉलेजात आल्यावर पहिले सहा महिने मला तासाला इंग्रजी कळत नसे. गल्लीत आणि दुकानात शिकलेली कन्नड कचेरीच्या खिडकीपाशी उपयोगी पडे. आणि परीक्षेत आकडेमोड मी मनातल्या मनात मराठीतच करीत असे. अजूनही करतो. त्या निर्णयाने माझ्या आयुष्याचा शेवट बदलेल की नाही, मला सांगता येणार नाही. कदाचित मीही इतर सर्वांप्रमाणे कुठल्या तरी बँकेत त्याच खुर्चीवर बसेन. पण तेथवरच्या वाटेवर मला पडलेले प्रश्न निराळे होते, भेटलेली माणसे निराळी होती. आरंभीच बटन दाबून मागचे सगळे हवे तसे निवडून देणारी चित्रकथा आपल्यापैकी कोणालाच मिळत नाही. इतरांनी आपल्यासाठी घेतलेले निर्णय, आपण आठव्या वर्षी ओरडून दिलेले सल्ले, सगळे नव्या वहीच्या पहिल्या ओळीवर येऊन बसतात.

यंदाच्या दिवाळीत दादा घरी येणार आहे. तिसरा भाग आम्ही दोघे मिळून पुन्हा खेळणार आहोत, त्याच जुन्या फाइलीवरून. मॉर्डिनला या वेळी वर जाऊ द्यावे, असे मला वाटते. रीव्ह पुढे काय करील ते करो. दादाचे मत काय पडते ते अजून विचारलेले नाही. पण या वेळी स्टुलावर तो बसेल आणि "काय करू?" असे मी विचारीन.